एका केसपेपरला एक नळी

रेशनकार्ड कुटुंबाचं निघतं. घरकुल कुटुंबाला मंजूर होतं. रोजगार हमीचं जॉबकार्ड कुटुंबाच्या नावानं असतं. घरपट्टी थकली तर नोटीस घराला लागते. तेव्हा कुटुंब म्हणजे काय हे सरकारला कळत नाही, असं म्हणायची सोय नाही. फक्त खरजेपाशी आलं की सरकारला हा सगळा अभ्यास विसरायला होतो. खरूज होते घराला आणि औषध मिळतं माणसाला. एका केसपेपरला एक नळी.

नळी संपते, खरूज राहते. महिना-दीड महिन्यानं तेच माणूस, तीच खाज, नवा केसपेपर. मग टेबलापलीकडून ठरलेला प्रश्न येतो : "आंघोळ करता की नाही रोज?"

या प्रश्नाचा समाचार पुढे घेऊ. आधी घर बघू.

मी सांगतोय ते घर मनातलं आहे, तेव्हा कुणी पत्ता विचारू नये. पण त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरसूलपासून ठाणापाड्याकडे निघालात तर असं घर शोधावं लागणार नाही. माणसं सात. आजी, नवरा-बायको, चार लेकरं. थोरला आश्रमशाळेत सातवीला. त्याच्या पाठची मुलगी धाकट्याला कडेवर मारून दिवसभर हिंडते. मधला आजीच्या कुशीत झोपतो आणि आजीच्या गोष्टीशिवाय झोपत नाही. निजायची जागा एकच. इथला पाऊस बेताचा नसतो. जुलै-ऑगस्टात सगळं घर चुलीच्या अंगाला सरकून एकमेकांना चिकटून झोपतं. यात घाणेरडं काही नाही. याला माया म्हणतात. खरजेचा किडा नेमका मायेवर जगतो.

थोरला दिवाळीच्या सुटीत घरी येतो. सोबत पत्र्याची पेटी, मळके कपडे आणि बोटांच्या बेचक्यात मुक्कामाला असलेली एक मादी. लांबी अर्धा मिलिमीटरही नाही. पण कामाला वाघीण. कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणत जाते, रोज दोन-तीन अंडी घालते, महिना-दीड महिना जगते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात, पंधरवड्यात पुढची पिढी खणायला तयार. हा उरक आमच्या घाटरस्त्यांच्या ठेकेदारांना असता तर हरसूलहून नाशिकला जाताना कंबर शाबूत राहिली असती. आणि एवढा धुमाकूळ घालायला फौज तरी किती? नेहमीच्या रुग्णाच्या अंगावर जेमतेम दहा-पंधरा माद्या. घर जागं ठेवायला तेवढ्या पुरतात.

आता गोम ऐका. पहिल्यांदा लागण झालेल्या माणसाला लगेच खाज सुटतच नाही. किड्याची अंडी, विष्ठा, लाळ यांच्यावर शरीराची खप्पामर्जी व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर माणूस ठणठणीत. खातो, पितो, पोराला कुशीत घेतो आणि वाटप चालू ठेवतो. म्हणजे दिवाळीत आलेली खरूज घरातल्यांच्या अंगावर बोलायला लागते ती नाताळाच्या सुमारास. घरात एकटा थोरला कराकरा खाजवताना दिसतो, तेव्हा बाकीच्यांपैकी तीन-चार जणांचं बुकिंग होऊन गेलेलं असतं. आई मात्र जो खाजवतो त्यालाच दवाखान्यात नेते. ती बिचारी काय चुकते? जो रडतो त्यालाच दूध, हा तिचा नियम. दवाखान्याचाही तोच नियम असावा, हे मात्र नवल.

आणि नाताळाला हे घर हरसुलात असतं कुठे? भात झोडून झाला की हरसूल, पेठ, सुरगाण्याची माणसं द्राक्षाच्या कामाला खाली उतरतात. कुणी पहाटे उठून गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात उभा राहतो, कुणी टोळीबरोबर दिंडोरी-निफाडच्या बागेतच मुक्काम टाकतो. तिथल्या खोपीत दोन-दोन कुटुंबं. दोन कुटुंबांची पोरं एकाच पांघरुणात. माद्यांना मुकादम लागत नाही, उचलही लागत नाही. शिमग्याला सगळी मंडळी आपापल्या पाड्यावर परततात, तेव्हा खरूज दोन तालुक्यांतून फिरून, ओळखीपाळखी वाढवून घरी आलेली असते. मे महिन्याच्या सुटीत थोरला पुन्हा येतो. तोपर्यंत शाळेच्या दवाखान्यात तो बरा झालेला. घरी आल्यावर त्याला परत लागते आणि या खेपेला महिना वाट पाहावी लागत नाही. शरीराला ओळख पटलेली असते, एक-दोन दिवसांतच अंग पेटतं. जूनमध्ये तो ती घेऊन आश्रमशाळेत हजर. घर, शाळा, बाग. या तीन थांब्यांवर खरजेची जीप वर्षभर भरून धावते आणि आपण तिच्या एकाच प्रवाशाला उतरवून रोगनिर्मूलन झालं म्हणतो.

आता दवाखान्यात चला. कुठला दवाखाना हे विचारू नका. हा रिवाज आहे आणि रिवाजाला पत्ता नसतो.

"घरात आणखी कुणाला खाज आहे का?"

"नाही ताई. यालाच."

हे उत्तर अर्धं खरं आणि अर्धं लाजेचं. बाकीच्यांना अजून खाज सुटलेली नाही हे खरं. आजी रात्री अंग घासते हे बाईला माहीत आहे, पण ते सांगायचं कसं? घरात खरूज आहे असं पाड्यावर पसरलं तर उद्या पोरीची सोयरीक अडते. आणि ताईंनाही खरं उत्तर नकोच असतं. सात म्हटलं तर सात जणांच्या नळ्या काढाव्या लागतात आणि रजिस्टरात लिहायला नावं लागतात. दोन्ही बाजूंच्या सोयीनं "यालाच" ठरतं.

नळीचा हिशेब तरी करू. औषध पर्मेथ्रिनचं, पाच टक्क्यांचं. फोडावर टिकली लावायचं हे मलमच नाही. मानेपासून तळपायापर्यंत, एक बोट जागाही कोरडी न सोडता लावायचं : नखांखाली, बेचक्यांत, मनगटाला, काखेत, बेंबीत, जांघेत, ढुंगणाच्या घडीत. अगदी लहान पोरांना आणि म्हाताऱ्यांना डॉक्टर डोक्याला, चेहऱ्यालाही लावायला सांगतात, डोळे-तोंड सांभाळून. रात्री लावायचं, आठ ते चौदा तास ठेवायचं, सकाळी धुवायचं. मधेच हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचं. एका मोठ्या माणसाला एका वेळी साधारण तीस ग्रॅम लागतं. अंड्यांवर औषधाची खात्री देता येत नाही, म्हणून आठवड्यानं सगळं पुन्हा एकदा. सात माणसं, दोन वेळा. पोरांना कमी लागतं हे धरूनही तीस ग्रॅमच्या दहा नळ्यांखाली हिशेब उतरत नाही. हातात पडते एक. ती घरी आल्यावर आई काय करते? चार लेकरांत भाकरी वाटते तसं मलम वाटते. ज्याला जिथे खाजतं तिथे बोटभर. समान वाटपाचं याहून चांगलं उदाहरण समाजवाद्यांनाही सापडणार नाही. किडे वाचतात.

यावर साहेब म्हणतील, सगळ्यांनी यावं की! अडवलंय कुणी? खरं आहे, कुणी अडवलेलं नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी-उपचाराला पैसे पडत नाहीत, केसपेपरलाही नाहीत. सात केसपेपर फुकटात निघतील. पण सात माणसं फुकटात येत नाहीत. दोघांची रोजंदारी बुडते, जीपवाला सात जणांचं भाडं घेतो, आजीला पाड्यावरून सडकेपर्यंत उचलून आणावं लागतं आणि थोरला तर आश्रमशाळेत; त्याला कुठल्या अर्जानं आणायचा? बरं, ज्याला खाज नाही त्यानं रांगेत उभं राहून सांगायचं काय? "डॉक्टर, मला काही होत नाही, मला औषध द्या." असं म्हणणाऱ्याला आपल्याकडे वेगळ्या विभागात पाठवतात.

नळीनं भागलं नाही की माणूस बाजाराच्या दिवशी मेडिकलात जातो. तिथे त्याला एक रंगीत खोक्यातलं मलम मिळतं. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि वर स्टेरॉइड, असा तिरंगी कारभार. खरजेच्या किड्यावर यातलं एकही चालत नाही. पण स्टेरॉइडनं खाज दोन दिवसांत गार पडते आणि मेडिकलवाल्याच्या हाताला गुण आहे अशी कीर्ती होते. अंगाची कुरकुर बंद झाल्यावर किड्यांचं फावतं. लाली जाते, पुरळ वेष बदलतं आणि पुढे डॉक्टरला सुद्धा हा नायटा की इसब की खरूज हे पटकन ओळखू येत नाही. अशी स्टेरॉइडची मलमं केंद्र सरकारनं २०१८ मध्ये शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. चिठ्ठी कुणी मागितल्याचं तुमच्या ऐकिवात असेल तर मला कळवा, त्या दुकानदाराचा सत्कार करू.

काही जण त्याहून पुढचे. बागेत फवारणीचं औषध किड्यांना मारतं, मग हाही किडाच की! मुळीच नको. रॉकेल नको, फवारणीचं औषध तर नकोच नको; किडा मरेल न मरेल, पोरगं नक्की दवाखान्यात जाईल. बागेत भुरीसाठी गंधक मारतात आणि खरजेवरचं जुन्यातलं जुनं औषधही गंधकच, हे खरं. पण मलमातलं गंधक पाच-दहा टक्क्यांचं, अंगासाठी बनवलेलं. बागेतल्या पुड्याशी त्याचं फक्त नावापुरतं नातं. करंजाचं तेल, कडुलिंबाचा पाला लावणाऱ्यांशी माझं भांडण नाही; लावा, पण खऱ्या औषधाऐवजी नको. आणि पाड्यावरच्या कुत्र्यालाही उगाच बडवू नका. कुत्र्याची खरूज वेगळ्या जातीच्या किड्याची. ती माणसाला चार दिवस खाजवेल, पण माणसाच्या कातडीवर तिचा संसार चालत नाही.

आता तो आंघोळीचा प्रश्न.

खरूज म्हणजे अस्वच्छता, हे वाक्य आपल्याकडे इतक्या भिंतींवर रंगवलंय की ते खोटं असेल अशी शंका कुणाला येत नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये खरजेनं सैनिक बेजार झाले. तिथल्या सरकारनं आपल्यासारखाच निष्कर्ष काढला : दोष पांघरुणांचा. घोंगड्या उकळा, कपडे भट्टीत घाला. केनेथ मेलनबी नावाच्या कीटकशास्त्रज्ञाला हे पटेना. त्यानं १९४१ मध्ये शेफिल्डला युद्धाला नकार देणारी शांततावादी माणसं स्वयंसेवक म्हणून घेतली आणि त्यांना खरूज झालेल्या सैनिकांची न धुतलेली अंतर्वस्त्रं घालायला दिली, त्यांच्याच घोंगड्यांत उघड्या अंगानं झोपवलं. रात्रीमागून रात्री. मोठमोठ्यांची अपेक्षा, सगळे खाजवत उठतील. खरूज झाली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांना. ती पसरते कातडीला कातडी लागून, तीही बराच वेळ लागून : हातात हात, कुशीत कूस, एका पांघरुणात रात्र. नुसतं हस्तांदोलन सहसा पुरत नाही. साबणाचं म्हणाल तर किडा बोगद्यात बसलेला. त्याला वरून कितीही फेस दिसला तरी तो वाहून जात नाही.

हे कळून ऐंशी वर्षं झाली. तरीही आमच्याकडे सल्ला तोच : रोज आंघोळ, रोज कपडे बदला, अंथरूण-पांघरूण उकळत्या पाण्यात धुवा. हा सल्ला त्र्यंबकेश्वर तालुक्यात, एप्रिल-मे महिन्यात! जिथे गोदावरी उगम पावते त्या तालुक्यात बायका तळ गाठलेल्या विहिरींवर हंडे घेऊन बसतात. दोन हंडे पाण्यात सात जणांचं पिणं, रांधणं आणि बैल-शेळी. त्यातून सात गोधड्या कशा उकळायच्या याचं प्रात्यक्षिक सल्ला देणाऱ्यानं पाड्यावर येऊन करून दाखवावं. प्रेक्षक मी जमवतो. आणि जुलैमध्ये पाणी हवं तेवढं, पण उकळलेली गोधडी वाळणार गणपतीत.

खरी गोष्ट पाण्याशिवायची आहे. माणसाच्या अंगावरून उतरलेला किडा दोन-तीन दिवसांत मरतो. ज्या रात्री सगळ्यांनी औषध लावलं, तिच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या तीन दिवसांतले कपडे आणि पांघरुणं एका स्वच्छ पोत्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत भरायची, तोंड घट्ट बांधायचं आणि चार दिवस हात लावायचा नाही. आठवडाभर ठेवलं तर उत्तमच. उन्हाळा असेल तर कडक उन्हातही टाकावीत. हंडाभर पाणी वाचलं, सरपण वाचलं. अपवाद एकच : अंथरुणाला खिळलेलं, अशक्त म्हातारं माणूस, ज्याच्या हातापायांवर जाड खपल्यांचे थर चढलेत. त्या प्रकारात दहा-पंधरा नव्हे, हजारो-लाखो किडे असतात आणि तिथे अंथरूणही संसर्ग देतं. अशा माणसाला मात्र उशीर न करता डॉक्टरला दाखवायचं. घरातली खरूज फिरून फिरून येत असेल तर कधी कधी तिचं माहेर त्या खाटेवर असतं.

गरिबांच्या बाबतीत विद्वानांनी असं तोंडावर पडणं खरजेला नवं नाही. १६८७ मध्ये इटलीत बोनोमो आणि चेस्तोनी या दोघांनी सूक्ष्मदर्शकाखाली हा किडा पाहिला, चित्र काढलं, खरूज यानंच होते असं लिहून टाकलं. त्यांना सुचलं कुठून? गरीब बाया आपल्या पोरांच्या अंगातून सुईच्या टोकानं काहीतरी टिपून काढतात, हे पाहून. वैद्यकशास्त्रानं ते वाचलं आणि बाजूला ठेवलं. रोग रक्तातल्या बिघाडानं होतो हेच शोभून दिसत होतं. पुढे १८१२ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातल्या गालेस नावाच्या गृहस्थानं मोठ्या थाटात किडा सापडल्याचं जाहीर केलं आणि प्रबंध सादर केला. त्यातल्या चित्रात जो किडा होता तो निघाला चीजमधला! मग तर किडा नाहीच, असं पुष्कळांनी ठरवून टाकलं. अखेर १८३४ मध्ये कोर्सिका बेटावरचा रेनुची नावाचा विद्यार्थी त्याच रुग्णालयात उभा राहिला आणि सगळ्या प्राध्यापकांसमोर सुईनं किडा काढून दाखवला. कुठे शिकलास? गावाकडच्या बायांकडून. म्हणजे ज्यांना "आंघोळ करता का" असं विचारायची पद्धत आहे, त्या बायांना जे दिसत होतं ते पॅरिसच्या विद्वानांना दिसायला दीडशे वर्षं लागली. आपल्याकडे किती लागतील याचा अंदाज बांधायला मी बसलेलो नाही.

"खाजेनं कुणी मरत नाही हो," हाही एक लाडका युक्तिवाद. नखानं खाजवून कातडी फुटते, तिथे जंतू शिरतात, फोड पिकतात. त्यातले स्ट्रेप्टोकॉकस जातीचे जंतू अंगात असे काही गोंधळ घालतात की दोन-तीन आठवड्यांनी पोराचा चेहरा सुजतो, लघवी कमी आणि लालसर-तपकिरी होते. मूत्रपिंडाला सूज आलेली असते. तेव्हा ते पोरगं जीपमधून नाशिकला हलवावं लागतं आणि केसपेपरवर खरजेचं नावही उरत नाही. शिवाय झोप. खाज रात्रीच वाढते. रात्रभर खाजवलेलं पोरगं वर्गात पेंगतं आणि गुरुजी शेऱ्यात लिहितात, "अभ्यासात लक्ष नाही".

२०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं खरजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतलं. जगात कुठल्याही घडीला वीस कोटींहून जास्त माणसं खाजवत असतात, असं तीच संघटना सांगते. दुर्लक्षित असल्याचं अधिकृत प्रमाणपत्र मिळालं, एवढीच आमच्या खरजेची आजवरची कमाई.

आणि आता गोळीची गोष्ट, जिच्यासाठी मी हा सगळा खटाटोप मांडला.

आयव्हरमेक्टिन. जपानच्या मातीतल्या एका जंतूपासून निघालेलं औषध. ओमुरा आणि कॅम्पबेल या शास्त्रज्ञांना २०१५ चं नोबेल मिळालं ते यासाठी. खरजेवर ती चालते : किलोमागे दोनशे मायक्रोग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला बारा मिलिग्रॅम, पुन्हा आठवडा-दोन आठवड्यांनी तेवढीच. पंधरा किलोच्या आतलं लेकरू आणि गरोदर बाई यांना देत नाहीत. त्यांचं मलमावर भागवायचं, आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला काय लावायचं ते डॉक्टरनंच सांगायचं. फिजीच्या बेटांवर २०१२ मध्ये औषध वाटायच्या तीन पद्धती ताडून पाहिल्या. एका गटात नेहमीचा खाक्या : ज्याला खरूज त्याला आणि त्याच्या सोबत्यांना मलम. एका गटात सगळ्यांनाच मलम. तिसऱ्या गटात खाज असो-नसो, सगळ्यांना ही गोळी. वर्षानं मोजलं. गोळीच्या गटात खरूज शंभरातल्या बत्तीस जणांवरून दोनच्या खाली आली. नेहमीच्या खाक्याच्या गटात सदतीसवरून एकोणीसवर. म्हणजे चांगला खाक्या चालवला तर अर्धा रोग जातो आणि उरलेला अर्धा पुन्हा पेरणीला मोकळा राहतो. आमचा खाक्या तर सोबत्यांनाही मोजत नाही.

आता मे २०२१ आठवा. कोविडची दुसरी लाट. गोव्याचे आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी जाहीर केलं : अठरा वर्षांवरच्या प्रत्येक माणसाला आयव्हरमेक्टिन, बारा मिलिग्रॅम, पाच दिवस. आजार असो-नसो. जागतिक आरोग्य संघटना मार्चमध्येच बजावून बसली होती की कोविडसाठी ही गोळी चाचण्यांबाहेर वापरू नका. तरी घोषणा झाली. आमच्या बाजूलाही तेव्हा ही गोळी चिठ्ठ्यांवर सर्रास दिसत होती. ज्यांना खरूज म्हणजे काय हे ठाऊक नाही अशा मंडळींनी ती फ्लॅटच्या फ्लॅट मिळून घेतली. ज्या रोगावर ती चालत नाही, त्यासाठी अख्खं राज्य एका दिवसात मोजून झालं. ज्यावर चालते, त्यासाठी हरसूलच्या पाड्यावरचं सात माणसांचं घर मोजायला कुणाला सवड नाही. पणजीच्या सोसायटीत खाज सुटली असती तर काय झालं असतं, हे तुम्हीच ठरवा. तशी तिथेही सुटते. पुण्या-मुंबईच्या हॉस्टेलांत, पीजीत खरूज दर हंगामाला असते. तिथे तिचं नाव फक्त ॲलर्जी असतं आणि फी पाचशे.

सरकारकडे माणसं नाहीत, असं म्हणू नका. आशाताई आहे. तिच्या वहीत पाड्यावरचं प्रत्येक घर आहे, घरातलं प्रत्येक माणूस वयासकट आहे. पोलिओचा डोस, जंताची गोळी, क्षयाचा शोध, सगळं ती त्याच वहीवर उरकते. विदर्भात हत्तीरोगासाठी घरोघरी गोळ्या खायला घालण्याची मोहीम निघते, आणि काही ठिकाणी त्या गोळ्यांत हेच आयव्हरमेक्टिन असतं. म्हणजे औषध ओळखीचं, वही भरलेली, माणूस दारात येणारं. अडतंय ते एका वाक्यावर : चिठ्ठी रुग्णाच्या नावानं निघते. ते वाक्य बदलायला घटनादुरुस्ती लागत नाही. एका घरात खरूज सापडली की आशाताईच्या वहीतली सगळी नावं एकाच चिठ्ठीवर, सगळ्यांना एकाच रात्री औषध, आठवड्यानं पुन्हा. आश्रमशाळेत सापडली की सगळ्या वसतिगृहाला, स्वयंपाकी आणि अधीक्षकासकट, दोन डोस दिवाळीची सुटी लागायच्या आधी. आणि घरच्यांना त्याच आठवड्यात, भात झोडून बागेत उतरण्याआधी. हंगाम माहीत आहे, तारखा कॅलेंडरवर छापलेल्या आहेत. खरूज दरवर्षी त्या पाळते, खात्यानंही एक वर्ष पाळून बघाव्यात.

एक गोष्ट मात्र डॉक्टरनं सांगायलाच हवी आणि बहुतेक वेळा राहून जाते. किडे मेले तरी खाज दोन ते चार आठवडे राहते. शरीराचा राग हळूहळू उतरतो. हे न सांगितल्यानं काही जण औषध गेलं वाया म्हणून रोज मलम थापत राहतात आणि कातडी भाजून घेतात. दुसरे चार दिवसांत जरा बरं वाटलं की आठवड्याचा दुसरा डोस सोडून देतात. महिना उलटल्यावरही नवे पुरळ येत असतील तरच परत जायचं. अलीकडे पर्मेथ्रिन पूर्वीसारखं चालत नाही अशी ओरड युरोपातून ऐकू येते. येऊ दे. आमच्याकडे ते पुरेसं लावून पाहिल्याशिवाय त्याला नावं ठेवण्याचा अधिकार आम्हाला नाही.

पाड्यावरचा भगत खरजेवर काय करतो, हे मला विचारू नका. किडा त्याच्या अंगाऱ्याला भीक घालत नाही. पण घरातल्या सगळ्यांना समोर बसवण्याची पद्धत त्याच्याकडे आहे. ती तेवढी सरकारी दवाखान्यानं उचलावी. त्यासाठी कोंबडं लागत नाही.

तर हरसूलच्या आणि हरसूलबाहेरच्या वाचकांनो, पुढच्या खेपेला टेबलापलीकडून "घरात आणखी कुणाला?" असं विचारलं की "यालाच" म्हणू नका. खाज कुणाला आहे ते सांगायची घाई नको, घरात किती माणसं निजतात ते सांगा. "सात," म्हणा. आणि चिठ्ठीवर सात लिहून घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका.